ओळखीचे गाव

लहान गावात राहण्याची गोडी हा विषय वैशाखातल्या संध्याकाळी बोलायला सोपा आणि ऐकायला सुखाचा आहे. बाजार हाकेच्या अंतरावर असतो. डॉक्टर आजोबांच्या वेळेपासून घर ओळखत असतात. वाणी महिनाअखेरपर्यंत थांबतो. रात्री गच्चीवर अंथरूण टाकले की चांदण्या दिसतात. या साऱ्या गोष्टी खऱ्या आहेत. ज्याने मुंबईच्या चाळीत एका खोलीत आठ माणसांबरोबर रात्री काढल्या आहेत, त्याला तर त्यांची किंमत कोणी शिकवायला नको.

परंतु गोडीचे वर्णन करून थांबणे म्हणजे भरल्या ताटाची तारीफ करायची आणि स्वयंपाक कोणी केला याची चौकशीही करायची नाही, असे होय. कामगार संघटनेत आयुष्य घालवलेल्या माणसाला एक खोड लागते. चांगली वस्तू दिसली की ती कोणी केली, तिच्यापायी किती जणांचे हात झिजले आणि तिचा वाटा कोणाला मिळाला, हे विचारल्याशिवाय त्याला राहवत नाही. श्रोतेहो, आज तेच प्रश्न मी लहान गावाच्या गोडीला विचारणार आहे.

माझ्या मते ही सगळी गोडी एका शब्दात सामावते. तो शब्द म्हणजे ओळख. शहरात माणूस पत्त्यावरून सापडतो, गावात तो नावावरून सापडतो. उधारी, शेजार, अडीअडचणीला धावून येणे, लग्नाला न बोलावता हजर होणे, हे सारे ओळखीचेच व्याज आहे. पण ओळख काही पावसाळ्यात उगवणारे गवत नव्हे. ती बाजारात, गाडीत, गिरणीत, संपात, शाळेत आणि दवाखान्यात घडत जाते. म्हणून तिला इतिहास असतो. तो इतिहास एका गावापुरता पाहावा या हेतूने मी सोलापूर जिल्ह्यातील बार्शी हे गाव निवडले आहे. बार्शीला राजधानीचा मान कधी मिळाला नाही आणि तिच्या नावाने एखादी मोठी लढाईही प्रसिद्ध नाही. म्हणूनच ती आपल्या विषयाला बरी.

सीमेवरची पेठ

बालाघाटाच्या डोंगररांगेखाली बार्शी वसली आहे. इंग्रजी अमलात गावापासून थोड्या अंतरावर निजामाच्या राज्याची हद्द सुरू होई. परांडा, भूम, कळंब, धाराशिव ही गावे 'मोगलाईत', तर बार्शी इंग्रजांच्या मुलखात. मराठवाड्याच्या पठारावर पिकलेला कापूस, ज्वारी, तूर आणि गळिताचे धान्य बैलगाड्यांतून घाट उतरून बार्शीच्या पेठेत येई. एकोणिसाव्या शतकात कापसाची मोठी बाजारपेठ म्हणून बार्शीचे नाव झाले, त्याचे मर्म या हद्दीत आहे. माल एका राज्यात पिके आणि दुसऱ्या राज्यात विकला जाई.

अशा पेठेची एक वेगळी विद्या असते. पलीकडे निजामाचे हाली शिक्क्याचे नाणे चाले, अलीकडे इंग्रजी रुपया. दोन्हींचा भाव डोक्यात ठेवूनच सौदा करावा लागे. कानावर मराठी पडे, दखनी पडे, मारवाडी आणि गुजराती व्यापाऱ्यांची बोलीही पडे. शेतकरी, अडत्या, दलाल, तोलार आणि हमाल ही पाच माणसे एका पोत्याभोवती उभी राहत आणि पोते उचलले जाण्यापूर्वी पाचांचीही एकमेकांशी ओळख होऊन जाई. शेतकऱ्याला लिहिता येत नसेल, पण तोलाराचे माप सरळ की वाकडे हे त्याला ठाऊक असे. अडत्याला शेतकऱ्याची जमीन, त्याचे कर्ज आणि त्याच्या मुलीचे लग्न ठाऊक असे. गावातली ओळख बाजारात अशी घडली. ती निव्वळ प्रेमाची नव्हती. तिच्यात विश्वास होता, तसा दाबही होता.

या पेठेच्या मध्यभागी भगवंताचे देऊळ आहे. भगवंत या नावाने येथे विष्णूची पूजा होते. पंढरपूरची एकादशी करावी आणि द्वादशीला बार्शीत भगवंताचे दर्शन घ्यावे, अशी परंपरा आहे. या क्षेत्राची कथा अंबरीष राजाची. द्वादशीचे पारणे सोडण्याची वेळ टळत आलेली, दारात दुर्वास ऋषी पाहुणे, आणि ते स्नानाला गेलेले. पाहुण्याआधी जेवायचे कसे, हा राजाचा पेच. त्याने नुसते पाणी घेतले आणि तेवढ्यावरून ऋषी कोपले. पुराणातल्या एवढ्या कथांमधून या गावाने पाहुण्यासाठी थांबणाऱ्या यजमानाची कथा जवळ केली, हे मला अर्थपूर्ण वाटते. जिथे दर बाजाराला परका माणूस गाडी सोडून उतरतो, तिथे आतिथ्य हा धर्म असतो आणि धंद्याची गरजही असते.

छोटी गाडी

मुंबईहून निघालेला मोठा लोहमार्ग १८६० साली सोलापूरपर्यंत पोचला, पण तो बार्शीवरून गेला नाही. जे स्थानक बार्शीला त्यातल्या त्यात जवळ, त्याचे नाव 'बार्शी रोड' पडले. तेच आजचे कुर्डुवाडी. नावात बार्शी होती, पण गाव तेथून सुमारे ३५ किलोमीटर दूर होते. कापसाच्या गासड्या बैलगाडीत घालून एवढा पल्ला काटावा लागे. पावसाळ्यात काळ्या जमिनीत चाके रुतली की गाडीवानाचे आणि बैलांचे काय होत असेल, याची कल्पना ज्याने ती जमीन पाहिली आहे त्याला सहज येईल.

यावर तोड काढली एव्हरार्ड कॅल्थ्रॉप या इंग्रज इंजिनियराने. तो पूर्वी येथल्याच मोठ्या रेल्वेत नोकरीला होता. त्याचा विचार साधा होता. रूळ जाड करण्यापेक्षा ओझे पसरावे. कोणत्याही आसावर ५ टनांपेक्षा अधिक भार पडू द्यायचा नाही, असा नियम त्याने घालून घेतला आणि इंजिने, डबे व वाघिणी याच मापाने बांधून घेतल्या. आसांची संख्या वाढवली की प्रत्येक आसावरचा भार कमी होतो. मग रूळ हलके चालतात, पूल हलके चालतात आणि खर्च आवाक्यात राहतो. दोन रुळांमधले अंतर त्याने २ फूट ६ इंच ठेवले. मोठ्या मार्गाचे अंतर ५ फूट ६ इंच, म्हणजे त्याच्या दुपटीहून अधिक. हा सारा सरंजाम भारतात पाठवण्यापूर्वी इंग्लंडात लीड्स शहराजवळ तात्पुरते रूळ टाकून तपासण्यात आला. १८९७ साली बार्शीला गाडी आली. त्याच सुमारास सोलापूर जिल्हा मोठ्या दुष्काळातून जात होता, हेही लक्षात ठेवले पाहिजे. हाच कॅल्थ्रॉप पुढे विमानातून उडी घेण्याची छत्री तयार करण्याच्या नादाला लागला. ओझे हलके करून सुखरूप उतरवणे हाच त्याच्या आयुष्याचा ध्यास दिसतो.

'बार्शी लाइट रेल्वे' ही केवळ गावची गाडी राहिली नाही. १९०६ साली ती पंढरपूरला पोचली, १९११ साली लातूरला आणि १९२७ साली मिरजेला. एकूण लांबी सुमारे ३२५ किलोमीटर झाली. दुसऱ्या देशांतले इंजिनियर अरुंद मार्गाचा नमुना म्हणून तिचे नाव घेऊ लागले. ज्या गावाला मोठ्या रेल्वेने बाजूला टाकले, त्याचे नाव एका रेल्वेमार्गाला मिळाले आणि ते जगभरच्या रेल्वेग्रंथांत गेले. लहान गावाचा हा मोठेपणा आपण विसरू नये.

या गाडीच्या संथपणावर पुष्कळ विनोद झाले. वारकऱ्यांनी तिच्यात अभंग म्हटले, लग्नाची वऱ्हाडे तिच्यातून गेली, परीक्षेची मुले तिच्यात शेवटची उजळणी करत. डब्यात समोरासमोर बसलेली माणसे उतरेपर्यंत सोयरी नाही, तरी ओळखीची होत. ही तिची गोडी. पण गोडीबरोबर दुसरीही एक गोष्ट सांगितली पाहिजे. छोट्या रुळांवरची वाघीण मोठ्या रुळांवर जाऊ शकत नाही. म्हणून कुर्डुवाडीला प्रत्येक गासडी, प्रत्येक पोते छोट्या वाघिणीतून काढून मोठ्या वाघिणीत भरावे लागे. दोन मार्गांच्या रुंदीतला तीन फुटांचा फरक हमालांच्या पाठीवरून भरून निघे. कॅल्थ्रॉपच्या हिशेबात आसावरचा भार ठरलेला होता, पाठीवरचा भार ठरवणारा कोणी नव्हता. आपल्या राज्यात माथाडी आणि हमाल कामगारांसाठी कायदा झाला तो १९६९ साली, म्हणजे गाडी बार्शीला आल्यानंतर ७२ वर्षांनी.

गिरणी आणि शाहीर

जेथे कापूस येतो आणि जेथून रेल्वे जाते, तेथे गिरणी उभी राहायला फार वेळ लागत नाही. विसाव्या शतकात बार्शीत कापडगिरण्या चालू लागल्या आणि पेठेच्या गावात कामगारांची वस्ती आली. शेतीत पोट भरेना म्हणून आलेली ही माणसे. भोंगा झाला की उठायचे आणि भोंगा झाला की घरी यायचे, ही नवी शिस्त त्यांनी अंगी लावून घेतली. गावाचेही घड्याळ बदलले. देवळाच्या काकड्याबरोबर गिरणीच्या भोंग्यानेही पहाट होऊ लागली.

या बार्शीत २० ऑक्टोबर १९१६ रोजी एक मूल जन्मले. त्याचे नाव महबूब हुसेन पटेल. पुढे महाराष्ट्राने त्याला शाहीर अमर शेख म्हणून ओळखले. आईचे नाव मुनेरबी. घरची गरिबी होती, पण आईच्या गळ्यात जात्यावरच्या ओव्या होत्या आणि मुलाने गाणे तिच्याकडून घेतले. एका मुसलमान घरातली आई मराठी ओव्या गाते आणि तिचा मुलगा संयुक्त महाराष्ट्राचा शाहीर होतो, हे समजून घ्यायला मोठे ग्रंथ लागत नाहीत. ज्या गावात वेगवेगळ्या घरांतली जाती पहाटे एकाच वेळी फिरतात, तेथे ओवी भिंतीपलीकडे जाते.

पोटासाठी या मुलाने मोटारीवर क्लीनरचे काम केले, गिरणीतही काम केले आणि कामगारांच्या लढ्यात तो उतरला. पुढे तो कोल्हापूरला गेला, तेथून मुंबईला. १९४४ च्या सुमारास अण्णा भाऊ साठे आणि द. ना. गवाणकर यांच्याबरोबर त्याने लाल बावटा कलापथक उभे केले. या तिघांनी कामगारांच्या सभांना जो आवाज दिला, त्याची आठवण जुने लोक अखेरपर्यंत काढत. संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनात अमर शेखांचा डफ गावोगाव वाजला. २९ ऑगस्ट १९६९ रोजी त्यांचा अपघाती मृत्यू झाला. मुंबईने त्यांना व्यासपीठ दिले, हे खरेच. परंतु गळा, ओवी आणि गिरणीतली पहिली ठेच बार्शीची होती.

येथे संपाविषयी दोन शब्द सांगावेसे वाटतात, कारण हा माझ्या अनुभवाचा भाग आहे. लहान गावातला संप शहरातल्या संपासारखा नसतो. शहरात मालक दिसत नाही, त्याची कचेरी दिसते. गावात मालक बाजारात समोर येतो. त्याच्या घरचे कार्य असेल तर कामगाराची बायको तेथे पोळ्या लाटायला गेलेली असते. संपाच्या दुसऱ्या आठवड्यात वाणी उधारी देतो की नाही, यावर संपाचे भवितव्य ठरते, आणि तो देतो ते बहुधा संपाच्या मागण्या पटल्या म्हणून नव्हे, तर घर ओळखीचे आहे म्हणून. ही ओळखीची ताकद. पण सभेच्या दिवशी कोण कोण बसले होते, हे रात्री आठच्या आत सर्वांना कळते, मुकादमाचा भाऊ घरमालक असतो आणि तो सकाळी खोली रिकामी करायला सांगतो. हा ओळखीचा फास. जो कोणी गावाची गोडी सांगतो, त्याने दोन्ही सांगावे.

ओळखीची दुसरी बाजू

गावात प्रत्येकाला नावाने ओळखतात, असे मी म्हटले. पण आपल्याकडे नाव म्हणजे बहुतेक वेळा आडनाव आणि आडनाव म्हणजे जात. शहरातल्या गर्दीत ज्याला निदान काही तास विसर पडू शकतो, त्याला गावात क्षणभरही विसरू दिले जात नसे. कोणत्या विहिरीवर पाणी भरायचे, हॉटेलात कोणत्या कपात चहा मिळणार, शाळेत कोठे बसायचे, हे सारे ओळखीने ठरलेले असे. त्याच ओळखीमुळे वाणी काहींना उधारी देई आणि त्याच ओळखीमुळे काहींना पायरीखाली उभे करी.

म्हणून बार्शीच्या इतिहासातली एक घटना मला फार मोलाची वाटते. मे १९२४ मध्ये बार्शीत बहिष्कृत वर्गाची परिषद भरली आणि तेथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी भाषण केले. विलायतेहून शिक्षण पुरे करून ते १९२३ साली परतले होते. बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली ती त्यानंतर, जुलै १९२४ मध्ये. म्हणजे त्यांच्या संघटित कार्याच्या अगदी आरंभीच्या सभांपैकी एक सभा मुंबईत वा पुण्यात नव्हे, तर या पेठेच्या गावात झाली.

पुढे १९२७ साली जे घडले तेही एका लहान गावात. महाड नगरपालिकेने चवदार तळे सर्वांना खुले केल्याचा ठराव केला होता. ठराव कागदावर होता, पाणी तळ्यात होते, आणि मधली वाट बंद होती. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब आणि त्यांचे अनुयायी त्या तळ्याचे पाणी प्यायले. कोर्टातला वाद १९३७ साली मिटला आणि हक्क मान्य झाला. गावाच्या मधोमध तळे असावे, त्याच्या काठी संध्याकाळी बसावे, ही लहान गावाची किती मोठी गोडी. महाडने आपल्याला शिकवले की ज्या तळ्याचे पाणी सर्वांना पिता येत नाही, त्या तळ्याच्या काठावरच्या गार वाऱ्याचे कौतुक करण्याचा अधिकार गावाला नसतो. गोडी वाटली पाहिजे. नाहीतर ती गोडी नव्हे, ती मक्तेदारी होय.

आसरा

ओळखीची कसोटी संकटात लागते. बार्शीची ती कसोटी १९४७-४८ साली लागली. देश स्वतंत्र झाला, पण हद्दीपलीकडे निजामाने हैदराबाद वेगळे ठेवले. रझाकारांचा जुलूम सुरू झाला तेव्हा मराठवाड्यातल्या गावांतून कुटुंबेच्या कुटुंबे हद्द ओलांडून अलीकडे आली. सीमेवर स्वातंत्र्यसैनिकांच्या छावण्या उभ्या राहिल्या आणि बार्शी त्या लढ्याचे एक ठाणे झाली. १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्य हैदराबादेत शिरले आणि १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती दिली.

जे लोक आसऱ्याला आले, ते बार्शीला परके नव्हते. तीच माणसे वर्षानुवर्षे गाड्या घेऊन पेठेत येत होती. ज्यांची ज्वारी मोजली, ज्यांचा कापूस घेतला, त्यांनाच आता ओसरीवर जागा द्यायची होती. बाजारात घडलेली ओळख अशी उपयोगी पडली. आणि राज्याची सीमा पुसली गेली तेव्हा पेठेने ज्यांना कधी दुसऱ्या देशाचे मानलेच नव्हते, ते कायद्यानेही एकाच देशाचे झाले.

याच पिढीत बार्शीला शिक्षणाचा ध्यास घेतलेले कर्मवीर मामासाहेब जगदाळे लाभले. खेड्यातल्या शेतकऱ्याच्या मुलाला शिकायचे तर आधी त्याच्या राहण्याजेवणाची सोय हवी, हे त्यांनी ओळखले आणि वसतिगृहापासून आरंभ केला. त्यातून श्री शिवाजी शिक्षण प्रसारक मंडळाच्या शाळा आणि महाविद्यालये उभी राहिली. मोठ्या शहरात शाळा इमारतीपासून सुरू होते. येथे ती भाकरीपासून सुरू झाली.

नावनिशीवार नोंद

आता मी जे सांगणार आहे ते ऐकून पुष्कळांना आश्चर्य वाटेल. ओळख ही भावनेची गोष्ट आहे, शास्त्राशी तिचा संबंध नाही, असे आपण समजतो. बार्शीने ही समजूत खोटी पाडली.

१९८० नंतरच्या दशकात डॉ. बी. एम. नेने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बार्शीत कर्करोगाचे रुग्णालय चालवले. त्याला नर्गिस दत्त यांचे नाव आहे. खेड्यातले रुग्ण, विशेषतः बायका, रोग हाताबाहेर गेल्यावरच येत. पण किती जणांना हा रोग होतो, कोणत्या गावात, कोणत्या वयात, हेच कोणाला ठाऊक नव्हते. शहरांतून अशा नोंदी सुरू झाल्या होत्या. खेड्यांची नोंद नव्हती. १९८७ साली मुंबईच्या टाटा मेमोरियल केंद्राच्या सहकार्याने बार्शीत कर्करोगाची लोकसंख्येवर आधारित नोंदवही सुरू झाली. ग्रामीण भागासाठी अशी नोंद ठेवण्याचा भारतातला हा पहिला प्रयत्न होय. बार्शी, परांडा आणि भूम तालुक्यांतल्या गावांतून कार्यकर्ते फिरले. गावात शिरून सरपंचाला, शाळामास्तरांना, सुईणीला भेटत. कोण आजारी आहे, कोण कशाने गेले, हे विचारत. अशी माहिती अर्ज भरून मिळत नाही, ती ओट्यावर बसून चहा घेतल्यावर मिळते. आणि रोगाविषयी घरोघर बोलणे होऊ लागले, तशा बायका पूर्वीपेक्षा लवकर तपासणीला येऊ लागल्या.

याच पायावर १९९९ साली उस्मानाबाद म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात एक मोठी पाहणी सुरू झाली. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रिया तिच्यात होत्या. गावांचे ५२ गट करून ते चार भागांत वाटले होते. गर्भाशयमुखाचा कर्करोग वेळेवर ओळखण्याच्या तीन पद्धतींपैकी एकेक पद्धत तीन भागांत वापरली आणि चौथ्या भागात नेहमीचीच व्यवस्था ठेवली. २००९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. रोगाला कारण होणाऱ्या विषाणूची एकदाच तपासणी केली, तरी त्या रोगाने होणारे मृत्यू जवळजवळ निम्म्याने घटले. जगभरच्या वैद्यकाने या निष्कर्षाची दखल घेतली आणि गरीब देशांत कोणती तपासणी करावी या चर्चेत त्याचा आधार घेतला गेला.

श्रोतेहो, याचा अर्थ नीट ध्यानात घ्या. सव्वा लाखाहून अधिक स्त्रियांचा वर्षानुवर्षे मागोवा ठेवायचा तर त्या कोठे आहेत हे ठाऊक असावे लागते. सासरी गेली असेल तर कोणत्या गावी, वारली असेल तर कशाने, हे सांगणारी शेजारीण असावी लागते. मोठ्या शहरात भाडेकरू बदलला की नोंद तुटते. येथे ओळख होती म्हणून शास्त्र उभे राहिले. ज्या ओळखीने एके काळी पायरीखाली उभे केले, तीच ओळख शहाणपणाने वापरली तर प्राण वाचवते. ती वाईट की चांगली, हे तिच्यात ठरलेले नसते. ती कोणाच्या कामाला लावायची हे आपण ठरवतो.

हिशेब

आता हिशेबाकडे येऊ. १ जानेवारी १९५४ रोजी सरकारने बार्शी लाइट रेल्वे विकत घेतली. पुढे तिचे रूळ रुंद होत गेले आणि २००८ साली कुर्डुवाडी ते लातूर हा सारा मार्ग मोठा झाला. माल उतरवून पुन्हा भरण्याची कटकट संपली, हे चांगलेच झाले. छोट्या गाडीसाठी हळहळणाऱ्यांनी कुर्डुवाडीच्या हमालाची पाठ आठवावी.

गिरणीची गोष्ट मात्र वेगळी. आजारी गिरण्यांचे १९७४ साली राष्ट्रीयीकरण झाले आणि बार्शीची गिरणी राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाकडे आली. मार्च २०२० च्या टाळेबंदीत महामंडळाच्या गिरण्या थांबल्या, त्यांत बार्शीची गिरणीही थांबली. ज्या गावात तीन पाळ्यांचा भोंगा गावाचे घड्याळ लावत असे, तेथली शांतता प्रवाशाला गोड वाटते. कामगाराला ती तशी वाटत नाही. लहान गावात शांतता असावी, पण ती काम संपल्यानंतरची असावी, काम गेल्यानंतरची नसावी.

माझ्या बोलण्याचा सारा रोख येथे आहे. शिकलेला मुलगा पुण्याला जातो, मुलगी मुंबईला जाते. सणाला ती परत येतात, गच्चीवर झोपतात, भगवंताला जाऊन येतात आणि म्हणतात, येथे राहण्यासारखे सुख नाही. मग जातात. त्यांना दोष देऊ नये. गोडीवर पोट भरत नाही. ज्या गावात तरुणाला काम नाही, त्या गावाची गोडी ही मागे राहिलेल्या म्हाताऱ्यांना मिळणारे निवृत्तिवेतन होते, आणि तेही दरवर्षी थोडे थोडे घटत जाते. ओळख टिकायला माणसे लागतात आणि माणसे टिकायला काम लागते.

बार्शीच्या इतिहासात मला आशेला जागा दिसते, ती अशी. या गावाला जे चांगले मिळाले त्यातले आयते फार थोडे होते. पेठ व्यापाऱ्यांनी, शेतकऱ्यांनी आणि हमालांनी मिळून चालवली. गाडी परक्या कंपनीची होती, पण तिचे ओझे येथल्या हातांनी वाहिले. परिषद बहिष्कृतांनी भरवली. वसतिगृह मूठमूठ धान्याच्या बळावर चालणाऱ्या काळात उभे राहिले. नोंदवही गावोगाव पायपीट करून भरली गेली. म्हणजे गोडी घडवण्याचे कसब गावात आहे. ते वापरायचे तर नगरपालिकेच्या निवडणुकीत गटाराबरोबर कारखान्याचाही प्रश्न विचारला पाहिजे. मोंढ्यातल्या हमालाच्या मजुरीची नोंद होते की नाही, हे पाहिले पाहिजे. वाचनालयाची वर्गणी भरली पाहिजे. मी शाळेत फार दिवस गेलो नाही. जे काही शिकलो ते अशाच एका वाचनालयाच्या बाकावर, पाळी संपल्यावर बसून शिकलो. म्हणून हे शेवटचे जरा आग्रहाने सांगतो.

१८७५ साली न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली, तेव्हा लोकांनी एकत्र बसून विचार ऐकावा एवढाच त्यांचा हेतू होता. ती प्रथा पुढे लहान लहान गावांनी उचलली आणि उन्हाळ्याच्या संध्याकाळी शेजारीपाजारी सतरंजीवर येऊन बसू लागले. आपणही आज तसेच बसलो आहोत. व्याख्यान संपले की सतरंज्या गुंडाळाव्या लागतील, खुर्च्या आत ठेवाव्या लागतील. ते काम करणाऱ्या माणसाचे नाव आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? जाताना त्याला विचारून जा.